प्रतिसाद: झिजलेलं चाक कापून घेण्याआधी

जुन्या यांत्रिक गणनयंत्रातल्या झिजलेल्या दातेरी चाकाचा बाहेरचा व्यास मोजायचा, दात्यांच्या संख्येत २ मिळवून त्याने भागायचं, आलेल्या मोड्यूलचं (म्हणजे दात्याच्या आकाराच्या मिमीमधल्या मापाचं) चाक कापून घ्यायचं, ही सुचवली जाणारी रीत युरोपीय यंत्रांना बऱ्याचदा लागू पडते. पण फ्रिडन, मर्चंट या कंपन्यांसारखी अमेरिकन यंत्रं इंचाच्या मापात बनलेली. तिथे ३२ डायमेट्रल पिचचं (दात्याच्या आकाराचं इंचातलं माप) चाक असेल तर मोड्यूल ०.७९४ येतं आणि आपण ते सरळ ०.८ धरतो. २० दात्यांच्या चाकाचा व्यास १७.४६ हवा असताना १७.६ मिमी होतो. चाक बसतं, फिरतंही, पण अडकत फिरतं. शिवाय झिजलेल्या दात्यांवरून घेतलेला व्यास मुळातच कमी भरतो, त्यामुळे मी एकमेकांत बसणाऱ्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर मोजतो. त्याची दुप्पट करून दोन्ही चाकांच्या एकूण दात्यांनी भागलं की बहुतेक वेळा खरं मोड्यूल कळतं. १० दात्यांच्या छोट्या चाकांचा आकार मात्र अनेकदा मुद्दाम बदललेला असतो, तिथे जुनं चाकच नमुना म्हणून द्यावं.

आणखी एक, नवं चाक करण्याआधी जुनं उलटून पाहा. ओड्नर पद्धतीच्या, हाताने फिरवायच्या गणनयंत्रात बेरजेला हँडल एका दिशेने फिरतं, वजाबाकीला उलट. कचेरीत बेरजाच जास्त झालेल्या, म्हणून दात्याची एकच बाजू झिजते. माझ्याकडच्या यंत्रात हातचा नीट पुढे जात नव्हता. सपाट, दोन्ही बाजूंनी सारखं असलेलं एक चाक काढून पालथं बसवलं आणि हातचा पुन्हा जाऊ लागला. मूळ चाक यंत्रातच राहिलं, याचा मला फार आनंद आहे.