मदत हवी आहे: जुन्या रॉजर्स चाकूची दोन पाती एकाच पोलादाची आहेत का?

नमस्कार.

आजोबांकडून आलेल्या एका घडीच्या चाकूचे पोलाद ओळखण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. आजोबा देवगड तालुक्यात शाळामास्तर होते आणि बोरू तासण्यासाठी हा चाकू वापरत, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. तो त्यांनी कोठून व केव्हा घेतला, हे सांगणारे आता कोणी नाही. चाकूला दोन पाती आहेत, एक मोठे आणि दुसऱ्या टोकाला एक लहान, निमुळते. मूठ खरबरीत कोरलेल्या हाडाची असून तिच्या दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या आहेत, आतले अस्तर पितळेचे आहे.

मोठ्या पात्याच्या बुंध्याशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस, त्याखाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव, मुकुटाच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरे आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’ असा ठसा आहे. ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज राजा. देशाचे नाव ठशात घालण्याची पद्धत अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्यानंतर रूढ झाली, त्यामुळे हा चौथा जॉर्ज (१८२० ते १८३०) असू शकत नाही. पाचवा (१९१० ते १९३६) किंवा सहावा (१९३६ ते १९५२) असला पाहिजे. माझी अडचण नेमकी या काळामुळेच आहे. शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद तयार केले, आणि पुढच्या काही दशकांत साधे कार्बन पोलाद व स्टेनलेस अशी दोन्ही पाती तिथल्या बाजारात शेजारी शेजारी विकली जात होती. म्हणजे केवळ ठशावरून निवाडा होत नाही.

मोठ्या पात्याबद्दल मला फारशी शंका नाही. कैरी चिरली की ते पाहता पाहता निळसर करडे होते, लिंबाचा थेंब पाच मिनिटे ठेवला तर काळा डाग पडतो, आणि निसण्यावर धरले की धार चटकन येते, तिच्यावर उठलेली बर (धातूची बारीक, वळलेली कड) दोनदा हात फिरवला की गळून जाते. हे साधे कार्बन पोलाद आहे असे मी मानतो.

लहान पाते मात्र कोड्यात टाकते. त्यावर फक्त कंपनीचे नाव आहे; ‘स्टेनलेस’ असा शब्द कुठेही नाही, आणि त्या काळात नव्या पोलादाची पाती विकताना तो शब्द सहसा आवर्जून ठसवत. तरीही लिंबाच्या थेंबाने त्याच्या सपाट अंगावर काहीच फरक पडला नाही. भिंगाखाली पाहिल्यावर एक गोष्ट दिसली: निसण्याने उघड्या पडलेल्या धारेच्या कडेला केसाएवढी करडी रेघ उमटली होती आणि ती रेघ जिथे संपते तिथून पुढे पाते आरशासारखे स्वच्छ होते. यावरून मला असे वाटते की पाते कार्बन पोलादाचेच असून त्याला निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा दिलेला असावा, आणि धार लावताना मुलामा निघालेल्या जागीच लिंबाने पोलाद पकडले. परंतु या तर्काशी न जुळणारी गोष्ट अशी की या पात्याची बर सहज गळत नाही, धारेला चिकटून इकडून तिकडे वळत राहते, आणि तसे स्टेनलेसच्या पात्यांवर मी नेहमी पाहिले आहे. पाणी (तापवून आणि एकदम थंड करून पोलादाला दिलेला कठीणपणा) नीट न बसलेले सुरुवातीच्या काळातील स्टेनलेस आम्लाने असे करडे पडू शकते काय, हा माझा पहिला प्रश्न आहे.

लोहचुंबकाचा सल्ला कृपया देऊ नये. घरातल्या भांड्यांच्या १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेलच्या स्टेनलेसला चुंबक फारसा चिकटत नाही हे खरे, पण पाणी देऊन कठीण केलेल्या चाकूच्या स्टेनलेसला तो कार्बन पोलादाइतकाच घट्ट चिकटतो. माझ्या चाकूची दोन्ही पाती चिकटतात आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. सहाणचक्रावर ठिणग्या पाहण्यासही मी तयार नाही. कार्बन पोलादाच्या ठिणग्या फुटून त्यांना चांदण्यांसारखे फाटे येतात हे मला माहीत आहे, परंतु इतके पातळ पाते क्षणात तापेल आणि त्याचे पाणी उतरेल.

राहता राहिला प्रयोगशाळेचा मार्ग. भोसरीतील एका प्रयोगशाळेत चौकशी केली असता विद्युत ठिणगीने तपासणी करावी लागेल आणि पात्यावर जळाल्याचा गोल डाग कायमचा राहील, असे समजले. ते मला मान्य नाही. सराफांकडे सोन्याचा कस पाहण्यासाठी क्ष-किरणांचे यंत्र असते. त्याला कार्बन दिसत नाही, पण माझा प्रश्न क्रोमियम आणि निकेल यांचाच असल्याने ते पुरेसे ठरावे. मात्र हे किरण पृष्ठभागाचा अगदी पातळ थरच वाचतात, त्यामुळे मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचेच आकडे दाखवील. सोन्यासाठी जुळवलेल्या यंत्रावर कोणी पोलादाचे पाते ठेवून पाहिले आहे का? धारेच्या अरुंद पट्टीवर वाचन घेता येते का, की त्यासाठी कारखान्यात मिश्रधातू तपासण्यासाठी वापरतात ते हातातले यंत्रच शोधावे लागेल?

शेवटचा प्रश्न रॉजर्सचे जुने चाकू हाताळलेल्यांना आहे. या कंपनीच्या ठशाच्या नकला पूर्वी पुष्कळ होत असत, म्हणून विचारतो की एकाच चाकूत एक पाते साधे आणि दुसरे मुलाम्याचे असे मुळातच येत असे, की लहान पाते नंतर बदलले गेले असावे? त्या बाजूच्या खिळ्याचे डोके दुसऱ्या बाजूच्या खिळ्यापेक्षा किंचित उठून आहे. घरातील मंडळी चाकू चांदीच्या दुकानात पॉलिश करून आणावा असे म्हणत आहेत. उत्तर मिळेपर्यंत मी तो कोणाच्याही हाती देणार नाही, कारण एकदा चक्रावर घासले की ठसा आणि ती रेघ दोन्ही जातील. दोन्ही बुंध्यांची व खिळ्यांची दिवसाच्या उजेडात घेतलेली छायाचित्रे, कोणाला उपयोगी वाटत असतील तर, आज संध्याकाळपर्यंत येथेच देतो.