मदत हवी आहे: बॅक्सच्या पट्टीला अँटिबॉडीची पट्टी चिकटते

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६ पेशींत ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध दिल्यावर बॅक्स (पेशीला मरणाकडे नेणारं प्रथिन) किती सक्रिय होतं, ते ६ए७ अँटिबॉडीने (ही आकार बदललेलं, सक्रिय बॅक्सच पकडते) इम्युनोप्रेसिपिटेशन करून, म्हणजे बीड्सवरच्या अँटिबॉडीने ते प्रथिन ओढून काढून, पाहतोय. पेशी फोडायच्या बफरमध्ये १ टक्का चॅप्स हे सौम्य डिटर्जंट आहे. ट्रायटन, एनपी-४० ही डिटर्जंट्स मुद्दाम टाळलीत. ते स्वतःच बॅक्सचा आकार बदलतात, मग औषध न दिलेल्या पेशींतही पट्टी उमटते. तरंगणाऱ्या पेशीही गोळा करतो, मरणाऱ्या बऱ्याचशा त्यांतच असतात.

अडचण अशी: बॅक्स २१ किलोडाल्टन, अँटिबॉडीची हलकी साखळी (तिचा लहान तुकडा) २५; प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या १२ टक्के जेलवर दोन्हींच्या पट्ट्या एकमेकांत मिसळतात. ६ए७ उंदराची, ब्लॉटवर पट्टी दाखवणारी अँटिबॉडी सशाची, तरी सावली उरतेच. १५ टक्के जेल पुरेल, की ६ए७ बीड्सना क्रॉसलिंकच (रासायनिक बंधाने पक्की जोडून) करावी? त्याने तिची पकड सैल होते का? बॅक्स काढून टाकलेल्या एचसीटी-११६ पेशी कंट्रोल म्हणून कुणी वापरल्यात का?