धडधड कशाची?

थरारक कादंबऱ्यांतल्या प्रेमाबद्दल काही जण म्हणतात, गोळ्या झाडल्या जात असताना कोणाला प्रेम सुचतं, हे सगळं लेखकांचं खूळ. अर्धंच पटलं. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दरीवरच्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि आपला फोन नंबर देऊ केला. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम, कमी उंचीच्या पुलावर मात्र १६ पैकी दोघांनीच. भीतीने वाढलेली धडधड आपण समोरच्या माणसाच्या खात्यावर जमा करतो, असा त्यांनी लावलेला अर्थ. (आकडे लहान आहेत, कबूल.)

त्यामुळे संकटात ओढ वाटणं मला खोटं वाटत नाही. खोटं वाटतं ते खलनायक मेला रे मेला की लगेच लग्न. पुलावरून उतरल्यावर काय, हे कोणी लिहीतच नाही! मला आवडतात ती मधली पानं, दोघं लपून बसलेत, काहीच घडत नाहीये, आणि एकाला झोप लागावी म्हणून दुसरा जागतोय. पाठलाग आला की मी सरळ पानं उलटतो.