प्रति: डेने भाषा, कॅरिबू आणि तारे
बाहेरच्या आर्टिस्टने डेने लोकांसोबत (उत्तर कॅनडातले आदिवासी) बसूनच काम करावं, नुसती नक्षी उचलू नये, या वरच्या मुद्द्याशी एकदम सहमत. थोडी भर घालते. इंग्रज शोधप्रवासी सॅम्युअल हर्न 1770-72 मध्ये डेनेंपैकीच चिपेवायन लोकांबरोबर फिरला, त्याने लिहून ठेवलंय की ध्रुवीय प्रकाश त्यांच्यासाठी कॅरिबूच (उत्तरेतलं रेनडिअर हरीण), कारण अंधारात कॅरिबूच्या केसाळ कातड्यावरून जोरात हात फिरवला की ठिणग्या उडतात आणि आभाळ जास्त झगमगलं की आभाळाच्या त्या भागात कॅरिबू भरपूर आहेत असं ते म्हणायचे. किती सुंदर निरीक्षण आहे हे! पण तिथला कॅरिबूंचा बाथर्स्ट कळप 1986 मध्ये साधारण 4.7 लाख होता, 2021 मध्ये जेमतेम 6,240. त्यामुळे कॅरिबू रंगवताना ही घट चित्रात यायलाच हवी आणि आपली भाषा समजावून सांगणाऱ्या डेने ज्येष्ठांना श्रेय आणि मानधन दोन्ही मिळायला हवं.