आगमनकाळात नाताळचे कार्यक्रम थांबवावेत का?

पहाटवारा:
माझं मत स्पष्ट आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, चारही आठवड्यांत नाताळच्या मेजवान्या, स्पर्धा, गाण्यांचे कार्यक्रम बंद ठेवावेत आणि तो वेळ प्रार्थनेला, पापनिवेदनाला द्यावा. आपण डिसेंबर उजाडताच नाताळ सुरू करतो आणि २६ तारखेला दमून आवरून टाकतो. आपल्या कॅथोलिक उपासनेत मात्र नाताळचा काळ २४ च्या संध्याकाळी सुरू होतो आणि जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो!

आगमनकाळात रविवारच्या मिस्सातही, म्हणजे मुख्य उपासनेतही, गौरवगीत ('ग्लोरिया' हे स्तुतिगीत) नसतं, धर्मगुरूंचे झगे जांभळे असतात. वेदीवरची फुलं आणि वाद्यं बेतानं वापरा, जन्मोत्सवाचा पूर्ण आनंद आधीच व्यक्त करू नका, असं मिस्साच्या अधिकृत सूचनांतच आहे. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान तर गोठ्याचं नसतंच. 'जागे राहा' हे त्याचं सांगणं असतं, आणि तेही प्रभूच्या पुनरागमनाबद्दल.

नदीकाठ:
पूर्ण असहमत. तुम्ही आगमनकाळाचा उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्ताचा काळ, करताय. गौरवगीत नसतं हे खरं, पण शुभवर्तमानाआधीचा आलेलुया हा आनंदघोष असतो. उपवासकाळात तोही नसतो. १९६९ च्या उपासना-वर्षाच्या नियमांत या काळाला भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटलंय. चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे धर्मसंहितेच्या, कलम १२५० मध्ये प्रायश्चित्ताचे दिवस म्हणून वर्षभरातले शुक्रवार आणि उपवासकाळ आहेत, आगमनकाळ नाही. तिसऱ्या रविवारी तर गुलाबी झगा घालता येतो, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' या पौलाच्या शब्दांसाठी.

शिवाय त्या कार्यक्रमांना एकटी राहणारी म्हातारी माणसं येतात. वर्षातून तेवढ्याच वेळी कुणी त्यांच्याजवळ बसून बोलतं. ते बंद करून आपली कसली आध्यात्मिक तयारी होणार?

जुनीवाट:
कायद्यात नाही म्हणून परंपरेतही नव्हतं असं होत नाही. सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, माकों शहरातल्या धर्मपरिषदेने संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार उपवास सांगितला होता. सक्ती नको, पण स्वेच्छेने एक दिवस धरायला काय हरकत आहे?

नदीकाठ:
स्वेच्छेने अवश्य धरा. माझा आक्षेप 'बंद ठेवा' या भाषेला आहे.

रात्रपाळी:
मी रुग्णालयात काम करते. मला मेजवानीही मिळत नाही आणि तासभराची शांतताही. तुम्ही सगळे तारखांवर भांडताय, म्हणून लूकचा तिसरा अध्याय आठवून देते. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, 'आम्ही काय करावं?' तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या. जकातदारांना सांगतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला धाक दाखवून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना. प्रभूचा मार्ग तयार करणाऱ्याची तयारी ही अशी होती: ज्याचा जो धंदा, त्यातच पश्चात्ताप. कामावरच्या ज्या सहकाऱ्याशी मी बोलणं टाकलंय, तिच्याशी बोलणं हा माझा आगमनकाळ.

बाकी, १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी रोज एक वेगळी हाक असते: हे प्रज्ञे, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली... शेवटी हे इम्मानुएल. एका वाक्याची प्रार्थना आहे, पाळीवर जाता जाताही होते.

पहाटवारा:
योहानाचं मान्य, आणि एकट्या माणसांचं म्हणणंही मनाला लागलं. त्यांच्याकडे डिसेंबरभर जाऊ या, रोज जाऊ या. पण त्यासाठी व्यासपीठ, बक्षिसं आणि जेवणावळ का लागते? जन्मोत्सवाचा कार्यक्रम २७ ला ठेवला तर ती माणसं तेव्हाही एकटीच असतात, आणि तेव्हा कुणीच येत नाही.

नदीकाठ:
२७ चा कार्यक्रम ठेवा, मी खुर्च्या मांडायला येईन. पण नाताळाआधीचा, १० तारखेचाही बंद होऊ देणार नाही.