वॉर्डातल्या सिस्टर्सना व्यायामाला लावायचंय, ॲपचा उपयोग कसा करू?

वॉर्डसिस्टर
मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिमेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. माझ्याकडे अकरा जणी. चौघींना शुगर निघालीय, दोघी कमरेला पट्टा बांधून ड्युटी करतात. म्हणून पाडव्याला सगळ्यांच्या मोबाईलवर गूगल फिट टाकलं. रोज रात्री ग्रुपवर स्टेप्सचा स्क्रीनशॉट टाकायचा, असं ठरलं. आठवडाभर छान चाललं, मग कुरबुरी सुरू झाल्या. ड्युटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो. त्यामुळे आठ ते दोन पळणारीचे नऊशे स्टेप्स, आणि ऑफवाली बाजारात जाऊन आली की सहा हजार! परवा एकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "सिस्टर, आज तीन ॲडमिशन घेतल्या, दोन पेशंट आयसीयूला पोचवले, आणि यात दिसतंय की मी बसूनच होते." आता स्क्रीनशॉट टाकणाऱ्या आम्ही तिघीच उरलोय. मला हे सोडायचं नाही. कुणी असं काही टिकवून दाखवलंय का?

फिजिओताई
सिस्टर, आधी ती स्टेप्सची स्पर्धा बंद करा. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रावरून रूढ झाला. त्या यंत्राचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तो काही डॉक्टरांनी ठरवलेला डोस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना मिनिटांत आहेत: आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे प्रकार. वॉर्डातलं चालणं थांबत थांबत होतं, त्यात वाकणं आणि पेशंट उचलणं. त्याने माणूस थकतो, पण कंबर मजबूत होत नाही. ॲपमध्ये मिनिटं मोजा.

रेसिडेंट_मेडिसिन
याच विषयावर कॅनडात व्हँकुव्हरला चाचणी झाली आहे, २०२३ मध्ये 'जामा सायकियाट्री'त आली. आरोग्यसेवेतले २८८ कर्मचारी होते. काहींना 'डाउन डॉग'ची व्यायामाची ॲप्स मोफत दिली, बाकीच्यांना ॲपसाठी थांबायला सांगितलं. आठवड्याला २० मिनिटांची चार सत्रं, असे १२ आठवडे. ॲपवाल्यांची उदासी कमी झाली, कामाचा शीणही. पण सुरुवातीला निम्म्याहून जास्त लोक ८० मिनिटं पूर्ण करत होते, शेवटी पाव हिस्साही राहिला नाही. तेव्हा तुमच्याकडे गळती झाली म्हणून खचू नका, ती सगळीकडे होते. घरच्या घरी, वेळ मिळेल तेव्हा, हे वीस मिनिटांचं माप मला तुमच्यासाठी योग्य वाटतं.

ब्रदर_ग्रामीण
आमच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. ग्रुप न करता जोड्या केल्या, त्याही एकाच शिफ्टच्या. दुपारी हँडओव्हर झाला की वीस मिनिटं लेक्चर हॉलमध्ये. फोन खिडकीत उभा करायचा, व्हिडिओ लावायचा, संपला की टिक करायची. ॲपचं काम एवढंच. मेट्रन मॅडमनी हॉलची चावी दिली म्हणून जमलं, ते फार महत्त्वाचं. एकच नियम कडक ठेवा: नाईट उतरलेल्याला कुणी बोलवायचं नाही. त्याला झोपू द्या. जोडीदार नाईटला असला तर दुसऱ्याने एकट्याने केलं तरी टिक.

वॉर्डसिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रन मॅडमशी बोलले, डेमो रूम अडीच ते तीन मिळाली. ग्रुपवर सांगून टाकलं की यापुढे स्क्रीनशॉट नको. काल पहिल्या दिवशी चौघी आल्या, त्यात ती रडलेली मुलगीही होती. खुर्च्या भिंतीला लावल्या, सलाईनच्या स्टँडला फोन बांधला. कमरेला पट्टा बांधणारी एक दारातच उभी राहून बघत होती. आत ये म्हटलं तर पट्ट्यावर हात ठेवून म्हणाली, "उद्या येते."
फिजिओताई, ती आज येणार आहे. तिने पट्टा बांधून करायचं की काढून? आणि पहिल्या दिवशी तिला नेमकं काय करायला लावू?