पान वाटून मोजलेल्या फॉस्फेटेजला ‘जिवंत पेशीतली ॲक्टिव्हिटी’ म्हणायचं का?

रक्षकपेशी:
परवा एक प्रबंध वाचला. पाणी तोडलेल्या रोपांची पानं लिक्विड नायट्रोजनमध्ये वाटली, अर्कात पीएनपीपी (फॉस्फेटेजने, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या विकराने, तोडलं की पिवळं होणारं रसायन) टाकलं, पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजला. निष्कर्ष: ‘दुष्काळात जिवंत पेशीतली पीपी२सी या फॉस्फेटेजची ॲक्टिव्हिटी घटते.’ अहो, वाटताना रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) फुटते, तिच्यातली ॲसिड फॉस्फेटेजं अर्कात सांडतात आणि पीएनपीपी तर यातलं जवळपास कुणीही तोडतं. त्यात प्रश्न पर्णरंध्रांचा. पानात रंध्रं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या रक्षक पेशी असतात किती? तो आकडा बहुतांशी इतर पेशींचा आहे. जिवंत पेशीत चमकणारा सेन्सर घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, नाहीतर दावा आवरा.

खलबत्ता:
प्रयोग वाईट केला म्हणून पद्धत वाईट ठरत नाही. पीएच आम्लाकडे झुकू देऊ नका, पीएनपीपीऐवजी फॉस्फोपेप्टाइड घ्या, पीपी१ आणि पीपी२ए ही दुसरी फॉस्फेटेजं गप्प करायला ओकाडाइक आम्ल घाला (पीपी२सीला त्याचं काही वाटत नाही). पीपी२सीला मॅग्नेशियम लागतं, म्हणून मॅग्नेशियम असलेला अर्क आणि ते पकडून ठेवणारं ईडीटीए घातलेला अर्क यांतला फरक धरा. मॅलाकाइट ग्रीन (सुटलेलं फॉस्फेट मोजायचा रंग) वापरणार असाल तर आधी अर्कातलं मोकळं फॉस्फेट स्तंभातून काढा, हे बरेच जण विसरतात. आणि २००९ साली ॲब्सिसिक आम्लाचा (दुष्काळात रंध्रं मिटवणाऱ्या संप्रेरकाचा) ग्राही, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, पीपी२सी आणि एसएनआरके२ कायनेज (फॉस्फेट चढवणारं विकर) ही सगळी साखळी परीक्षानळीतच जुळवून दाखवली होती. नळीला इतकं हिणवू नका.

रक्षकपेशी:
शुद्ध प्रथिनांची नळी वेगळी, वाटलेलं पान वेगळं. आणि शुद्ध प्रथिनंही चकवतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपाचं, एका पीपी२सीतलं एबीआय१-१ हे उत्परिवर्तन बघा. नळीत त्या फॉस्फेटेजचा जोर मूळ प्रथिनापेक्षा कमी भरत होता, पण झाडात तेच वरचढ! रंध्रं ॲब्सिसिक आम्लाला दाद देईनात. निव्वळ नळीतल्या आकड्यावरून कुणी उलटाच निष्कर्ष काढला असता.

खलबत्ता:
आणि ते कोडं सुटलं कशामुळे? ग्राही सापडले, ते एबीआय१-१ ला धरू शकत नाहीत हे कळलं, म्हणून. म्हणजे त्या फॉस्फेटेजवर ग्राहींचा लगाम बसत नाही. नळीत खोट नव्हती, तिच्यात एक घटक कमी होता.

सायली_एफआरईटी:
दोघांनाही जरा थांबवते. रक्षकपेशी, सेन्सर घाला म्हणता, पण कोणता? २०२० साली एसएनआरके२साठी स्नॅक्स नावाचे एफआरईटी सेन्सर (फॉस्फेट चढलं की चमकेचा रंग बदलणारी प्रथिनं) आले. ॲब्सिसिक आम्लाने हे कायनेज रक्षक पेशीत जागं होतं, पण वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने होत नाही, हे त्यांनी जिवंत पेशीत दाखवलं. काम सुंदरच. पण सेन्सरवर फॉस्फेट चढवतं कायनेज आणि उतरवतं फॉस्फेटेज. आपल्याला दिसते ती शिल्लक. सिग्नल वाढला तर कायनेज जागं झालं की फॉस्फेटेज बंद पडलं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. कायनेज थांबवून घसरणीचा वेग मोजावा, तर रोधक औषधं एकाच कायनेजवर थोडीच थांबतात. भरीला पेशीभित्तिका निळ्यात चमकते, हरितद्रव्य लालमध्ये, आणि जास्त सेन्सर घातला की तो स्वतःच फॉस्फेटेजचं गिऱ्हाईक होऊन बसतो.

शिवाय २०१२ च्या संरचनांत दिसलं की पीपी२सी कायनेजचं फॉस्फेट काढल्यावरही त्याला चिकटून त्याची काम करायची खाच अडवून ठेवू शकतं. ही अडवणूक पिवळ्या रंगात मोजणार कशी?

एमएस्सी_दुसरं_वर्ष:
ताई, आमच्याकडे कॉन्फोकल (असे सेन्सर बघायचा सूक्ष्मदर्शक) नाही. विभागात एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, त्याचाही दिवा मधूनच लुकलुकतो. मग आम्ही हा विषय सोडायचा?

सायली_एफआरईटी:
सोडू नकोस. पानाच्या बाह्यत्वचेच्या पट्ट्या सोलून ॲब्सिसिक आम्लात ठेव, रंध्राची रुंदी साध्या सूक्ष्मदर्शकावर मोज. अर्काचे आकडे शेजारी मांड, पण एकाचा अर्थ दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नकोस.

खलबत्ता:
आणि ईडीटीएचा कंट्रोल हवाच. परीक्षक तोच विचारतील.

रक्षकपेशी:
शीर्षकात ‘पानाच्या अर्कातील’ असं लिही. ‘जिवंत पेशीतील’ लिहिलंस तर मी परीक्षक असतो तर अडवलं असतं.

खलबत्ता:
मग सेन्सरवाल्यांनीही शीर्षकात ‘शिल्लक’ असं लिहावं. तिथे का नाही अडवत?